दीनानाथचं स्कॉटलंड

जर्मनीत फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा दीनानाथ सॉफ्टवेअरवाला होता आणि स्कॉटलंडवर जीव टाकून होता. त्यानं तो देश पाहिलेला नव्हता. ऑफिसातून आला की चहाचा कप घेऊन भिंतीवरच्या नकाशासमोर उभा. कुठल्या सरोवराकाठी कुठला पडका किल्ला, कुठल्या घराण्याच्या कापडाचे चौकडे कसले, लापशीत साखर नाही तर मीठ, सगळं पाठ. त्याची बायको अरुंधती फ्रँकफुर्टला डॉक्टरेट करत होती. ती बिचारी जेवायला हाका मारून दमायची.

त्याला जायचं होतं ते हिवाळ्यातच. नव्या वर्षात घराचा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडतं, याला तिकडे फार महत्त्व. काळ्या केसांचा पुरुष हातात कोळसा घेऊन आला तर वर्ष भरभराटीचं, बाई आली तर अपशकुन. "अगं शुभा," तो मला म्हणायचा, "इथे एस-बानच्या लोकलमध्ये माझं काळं डोकं बघून म्हातारी पर्स जवळ ओढते. तिकडे अशा डोक्यासाठी लोक दार उघडून बसतात!" त्याला आयुष्यात एकदा ते शुभ पाऊल व्हायचं होतं.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात आम्ही दोन जोडपी निघालो. माझ्या नवऱ्याचं, भास्करचं, लंडनला काम असायचं, त्यामुळे आम्हा दोघांकडे ब्रिटनचा व्हिसा होता. अरुंधतीनं कॉन्फरन्ससाठी काढला होता. तेव्हा दीनानाथ तिला हसला होता. "आल्झो, म्हणजे तू कामाला जातेस म्हणून व्हिसा. फिरायला कशाला? आउफएन्टहाल्ट आहे की!" जर्मनीत राहायच्या त्या परवान्यावर तो पॅरिस, व्हेनिस फिरून आला होता. ब्रिटनलाही तेवढं पुरतं असं तो धरूनच चालला. बाकी सगळं तोच ठरवत होता, म्हणून आम्हीही विचारलं नाही.

विमानतळावरच्या मुलीनं त्याचा पासपोर्ट पुढून मागून चाळला, ब्रिटनचा व्हिसा नाही म्हणाली आणि खाली ठेवला. दीनानाथचा चेहरा खर्रकन उतरला. मग तो अरुंधतीला म्हणाला, "तू जा." तिनं नको म्हणावं असं त्याला वाटत होतं, हे कुणीही सांगितलं असतं.

"नक्की?" तिनं विचारलं.

"गेनाऊ, अगदी नक्की," तो म्हणाला. आणि ती गेली! मागे वळूनही पाहिलं नाही. मी असते तर गेले नसते, असं मी विमानात भास्करच्या कानात म्हणाले. खोटं होतं ते. मीही गेले असते.

स्कॉटलंड काय सांगू! बर्फानं पांढरे झालेले डोंगर, त्यांच्या पायथ्याशी काळंशार पाणी, आणि दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार. अरुंधती लहान मुलीसारखी उंडारत होती. एरवी चारच शब्द बोलणारी बाई, पण आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकिणीशी शेगडीपुढे बसून तासन्‌तास गप्पा मारायची. मला आपलं नाक गळण्यापुरतंच स्कॉटलंड भेटलं.

परत आल्यावर संक्रांतीला आमच्या मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. फोटो बीमरवर, म्हणजे प्रोजेक्टरवर, दाखवायचे ठरले. सीडी अरुंधतीनं बनवली आणि बोलायला उभं केलं कुणाला? दीनानाथला! त्याला जास्त माहिती म्हणे. पडद्यावर दरी आली की तो तिथली लढाई सांगे, किल्ला आला की घराण्याची भांडणं. सुरुवातीला तो "तिथे असं असतं" म्हणत होता. हळूहळू "आपण पुढे गेलो की" झालं, आणि मग चक्क "आम्ही वर चढलो". थंडीत कुडकुडले मी आणि टाळ्या त्याला. माझा नुसता जळफळाट होत होता. अरुंधती बीमरजवळ बसून मुकाट्यानं फोटो पुढे सरकवत होती.

"आता नवं वर्ष," तो रंगात येऊन म्हणाला. "पहिलं पाऊल काळ्या केसांच्या पुरुषाचंच हवं. बाईला उंबऱ्यावर उभंसुद्धा करत नाहीत."

पुढचा फोटो आला. दगडी घराचं दार, आणि उंबऱ्यात कोळसा हातात घेतलेली अरुंधती.

त्या सकाळी मालकिणीनं भास्करच्या टकलाकडे पाहून सुस्कारा सोडला होता. मग अरुंधतीच्या जाड वेणीकडे पाहिलं, तिला बाहेर पाठवलं आणि पुन्हा आत घेतलं. घर माझं, नियमही माझे, असं म्हणाली होती. हे अरुंधतीनं दीनानाथला सांगितलेलंच नव्हतं.

दीनानाथ पडद्याकडे बघतच राहिला.

"आधी कोणता पाय टाकलास?" त्यानं हळूच विचारलं.

"उजवा."

त्यानं मान हलवली. हातातला माइक खाली गेला होता, तरी पुढच्या रांगेत मला स्वच्छ ऐकू आलं. "मला तुझा हेवा वाटतोय, अरुंधती. फार वाटतोय."

"वाटू दे," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून मला तुझ्या स्कॉटलंडचा वाटतोय."