बिस्किटांची लढाई

दोन हजार चार-पाच साली न्यूझीलंडमध्ये लोअर हटला आमच्या शेजारी एक फ्रेंच म्हातारे राहायचे. मी त्यांना ड्यूकसाहेब म्हणायचे, ते त्यांना फार आवडायचं. त्यांच्या खापरपणजोबांनी कुठलीशी लढाई जिंकली, म्हणून फ्रान्सच्या सम्राटाने त्यांना लढाईच्या गावाच्या नावाने ड्यूक, म्हणजे बडा सरदार केलं, तेही पिढीजात. दर शनिवारी घरामागच्या लाकडी डेकवर चहाला बोलावून ते ती लढाई बिस्किटं मांडून दाखवायचे आणि शेवटी शत्रूची सगळी बिस्किटं स्वतःच खायचे. बिस्किटं मात्र मी नेलेली असायची.

एका शनिवारी शत्रू खाऊन झाल्यावर त्यांनी मिशा पुसल्या. "पदवी फक्त मुलाकडे जाते," ते म्हणाले. "माझ्यामागे कोणी नाही. घराणं संपलं."

वेलिंग्टनहून दर शनिवारी ट्रेनने येऊन लॉन कापणारी, आठवड्याचं सूप करून ठेवणारी त्यांची पन्नाशीची मुलगी तेव्हा त्यांच्या पायाशी बसून त्यांची नखं कापत होती. तिनं मानही वर केली नाही.

"डॅड, दुसरा पाय."

त्यांनी तो तिच्या मांडीवर ठेवला आणि माझ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून बिस्किटं मांडायला घेतली.