पहिली चाल

पुतण्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा मी मेथी निवडत होते. "काकू, आई गेली." मी "बरं" म्हणाले आणि उरलेली जुडी निवडून टाकली. त्याला आता दीड महिना झाला.

कमलताई माझी थोरली जाऊ. इंदिरानगरच्या घरात ती खाली, मी वर. रोज संध्याकाळी साडेसातला तिच्या टीव्हीवर दोन जावांची मालिका बघायचो. मध्ये स्टुलावर बुद्धिबळाचा पट. तिला तिच्या वडिलांनी शिकवलं, मला तिनं. नियम कडक... सोंगटीला हात लावला की ती चालायचीच. पांढऱ्या नेहमी मला द्यायची. "पहिली चाल तुझी गं, तुला दम कुठं धरवतो!"

जाहिराती लागल्या की ती पटावर मालिका मांडायची. थोरली जाऊ कुणाच्या आडून घोडा नाचवतेय, सासू राजासारखी एकेकच घर कशी सरकतेय. पुढच्या आठवड्यात काय होणार ते आधीच सांगायची. बहुतेक खरं व्हायचं.

एकदा सुनांसमोर म्हणाली, "मालिकेतली धाकटी आपल्या हिच्यासारखीच. आधी वजीर बाहेर काढते, मग तो मेला की रडते." सगळ्या हसल्या. मी उठले, वर गेले. आठ महिने बोलले नाही. ती म्हणाली ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

जिन्यातून येता-जाता दिसायचं. पट रोज मांडलेला, पांढऱ्या माझ्या खुर्चीकडे. मालिका लागली की ती खालून मुद्दाम मोठ्यानं ओरडायची, "थोरलीचा उंट गेला गं!" मी वर भांडी आपटायचे. वाटायचं, चुकली ती, तिनं यावं. तिचे गुडघे जिना चढू देत नव्हते, हे मला ठाऊक होतं.

मग एका संध्याकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. मी पोचेपर्यंत गाडी गेली होती. दोन दिवसांत फोन आला.

मेथी ठेवून खाली गेले. माणसं यायच्या आधी खोली झाडायची होती. पट तसाच होता, पण फिरवलेला. माझ्या खुर्चीकडे काळ्या. पलीकडे तिच्या बाजूला पांढऱ्या, आणि राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे आलेलं.

केर काढला. पट हलवला नाही.

परवा सून म्हणाली, "आवरून ठेवू का?" म्हटलं, राहू दे, माझी चाल आहे. साडेसातला जाऊन बसते. टीव्ही लावत नाही. अजून एकाही सोंगटीला हात लावलेला नाही... लावला की चालावं लागेल.