आरतीच्या घरी मी चौथ्या दिवशी गेले

हिंगोलीच्या डेपोत पुण्याची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझी बॅग स्वतः वर चढवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. मास्तरीण होऊन निघालेल्या लेकीला काय सांगावं, हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी म्हणाले, "जेवत जा बराबर. अन् लेकरायवर हात उगारू नको." गाडी हलली तसे दोन पावलं सोबत चालले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

आमच्या गावच्या, साखऱ्याच्या शाळेत मला शेख सर होते. चार भिंतींत त्यांचा जीव रमायचा नाही. वजनमाप शिकवायचं तर आठवडी बाजारात, क्षेत्रफळ शिकवायचं तर वावरात. मी चौथीत असताना त्यांनी आम्हाला हळदीच्या काढणीवर नेलं, हातात टोपल्या दिल्या आणि एका गड्ड्याला किती हळकुंडं लागतात ते मोजायला लावलं. मी मजेत मोजत होते. त्याच वावरात बाबा मजुरीला आहेत, हे सरांना ठाऊक नव्हतं. बाबांनी कुदळ टाकली, माझ्या हातातली टोपली हिसकावली आणि सगळ्यांदेखत सरांना म्हणाले, "मी हितं खपून राहिलो ते काहून? हिनं बी हितंच यावं म्हणून? शाळेत धाडलं होतं हिला!" मला दंडाला धरून घरी नेलं. उद्यापासून हिची शाळा बंद, असं आईला सांगून टाकलं.

त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, शेख सर आमच्या दारात आले. उभ्यानंच म्हणाले, "चूक माझी हाय, भाऊ. आधी तुमच्या घरी येऊन इचारायला पाह्यजे होतं." बाबा आईला म्हणाले, चहा टाक. पुढच्या आठवड्यात बाबा आमच्या वर्गात उभे राहून, काडी टोचून हळद शिजली की नाही ते कसं ओळखायचं, हे पोरांना सांगत होते. शाळेचा उंबरा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडला. मी शिकले ती सरांच्या त्या एका खेपेमुळे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आणि हे सगळं ठाऊक असलेली बाई मी! पुण्यातल्या शाळेत "वर्गाबाहेर शिकवणाऱ्या मॅडम" म्हणून माझं कौतुक व्हायचं, आणि ते मला चढलंही होतं. गेल्या वर्षी सहावीला काटकोन शिकवायचा होता. शाळेसमोर इमारतीचं काम चाललं होतं. परवानगी काढली, पिवळी हेल्मेट मिळवली आणि मिस्त्रींना भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा आणि काटकोन तपासायचा गुण्या दाखवायची विनंती केली. मुलं खूश होती. तेवढ्यात डोक्यावर घमेलं घेतलेली एक बाई जिन्यावरून उतरली आणि वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "आरती, ही तुझी मम्मी ना?"

"नाही," आरती म्हणाली.

त्या बाईनं ते ऐकलं. ती घमेल्यासकट तशीच वळली आणि परत वर गेली.

आरती आमच्याकडे आरटीईच्या मोफत जागेवर शिकत होती. मूळची आमच्याच जिल्ह्यातली, कळमनुरीकडची. तिच्या तोंडून एखादं "काहून" निसटलं की मला माहेर भेटल्यासारखं व्हायचं. तिचे आईवडील बांधकामावर आहेत एवढं मला माहीत होतं. कुठल्या बांधकामावर, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. जायला हवं, हे कळत होतं. पण पेपर तपासायचे होते, मग पालकसभा आली. उद्या जाऊ, म्हटलं. चौथ्या दिवशी गेले तेव्हा बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या रिकाम्या होत्या. रखवालदार म्हणाला, "स्लॅब हो गया मॅडम, टोली चली गई. किधर, पता नहीं." फोन बंद लागला. ते काम संपलं म्हणून गेले की लेकीच्या त्या "नाही"मुळे, हे मला कळलेलं नाही.

शेख सर आता निवृत्त होऊन हिंगोलीत राहतात. त्यांना फोन लावला आणि रडले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, मला चूक सुधरता आली, कारण तुझा बाप जाग्यावर व्हता. ह्या लोकायचं तसं न्हाई. आता लेकरायला कुठं बी न्यायच्या आधी त्यायच्या घरी जात जा." तेव्हापासून मी जाते. मुलांना कुठंही नेण्याआधी एकेका घरी जाते, चहा घेते, विचारते.

गावाकडची माणसं भेटली की विचारतात, पुण्यात घर झालं का? माझ्यासारखे निघून आलेलेही एकमेकांना हेच विचारतात. मला आता वाटतं, माफी मागायला कुणी आलं तर आपण जिथं सापडतो, ते घर. बाबांचं तसं होतं. आरतीचं नाही.

यंदा एका मोठ्या शाळेनं मला नोकरीला बोलावलं होतं. मी नाही म्हटलं, तर सगळ्यांनी वेड्यात काढलं. पण आरती कधी आमच्या शाळेच्या फाटकाशी आली आणि तिनं विचारलं, "मॅडम हायत का?" तर शिपायानं "आहेत" म्हणायला हवं.