परशरामची पेटी

परशराम गेला त्याला सात आठवडे झाले. भेटेल तो विचारतो, आता बरं आहे ना मास्तर? मी हो म्हणतो. खरं सांगायचं तर मला काडीचंही बरं नाही. माणूस गेल्याचं दुःख सगळ्यांनाच असतं, ते रडून थोडं तरी हलकं होतं. माझ्या हातून त्याच दिवशी जे झालं ते मात्र रडूनही हलकं होत नाही, म्हणून ते इथं लिहून टाकतो.

बातमी आली तेव्हा मी रामनगरच्या शाळेत सातवीचा तास घेत होतो. जोयड्याहून येताना वळणावर त्याची मोटरसायकल घसरली, समोरून ट्रक... पुढचं सांगणाऱ्यालाही सांगवेना. हातात खडू तसाच धरून मी जीपमध्ये बसलो. बाजारकुणंगच्या अलीकडं त्याची आणि माझी वाडी. तिथं उतरलो तेव्हा मुठीत खडूचा भुगा झाला होता. त्याच्या फोनचाही चुरा झालाय असं कुणीतरी म्हणालं, पण त्या घटकेला फोनचं कुणाला काय पडलं होतं.

परशराम सुताराचा मुलगा. बेळगावात काही वर्षं एका कंपनीत वेबसाइटी बनवल्या आणि एक दिवस लॅपटॉप पाठीला लावून वाडीला परत आला. ज्या वाडीत फोनला एक काडी दिसायची तर रस्त्याच्या चढावरच्या मोरीच्या कट्ट्यापर्यंत चालत जावं लागतं, तिथं हा वेबसाइटी बनवणार! मी त्याला पार वेड्यात काढलं. तो नुसता हसला. दिवसभर घरात बसून काम लिहायचा आणि ऊन कललं की कट्ट्यावर जाऊन ते नेटवर चढवायचा. होमस्टेवाले, मध आणि कोकम विकणाऱ्या बायकांचा गट, एक भजनी मंडळ, असं करत तालुक्यातली वीसेक माणसं त्याच्याकडं आली. मजकूर मी लिहून द्यायचो, मराठीतून आणि कानडीतून, कारण परशरामचं शुद्धलेखन म्हणजे देवाची करणी.

लवकरच त्याच्या लक्षात आलं की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात केली तर जन्म पुरायचा नाही. मग त्यानं आपली पेटी बांधायला घेतली. पेटी हे नाव त्याचंच, बापाच्या हत्यारांच्या पेटीवरून. तिच्यात चार थीम होत्या, म्हणजे पानाचं रूप, इतक्या हलक्या की एका काडीच्या नेटवर्कवरही उघडाव्यात. आणि प्लगइन होते, म्हणजे एकेका कामाचे सुटे भाग, कुठल्याही वेबसाइटला नेऊन जोडता येणारे. एक खोल्यांच्या बुकिंगचा, एक भाषा बदलण्याचा, एक निरोप घेण्याचा. तीन वर्षं तो ही पेटी घासत होता. सगळ्यांना तेच ते देतोस, लोक ओरडणार नाहीत का, असं मी एकदा त्याला डिवचलं होतं.

“बा माझा दर घराला नवा रंधा घिऊन जायचा काय मास्तर?” तो म्हणाला. “हत्यार तेच ऱ्हातंय. दार ज्याचं त्येचं.”

त्या निरोपाच्या प्लगइनवरून मी त्याची फार थट्टा केली. गिऱ्हाइकानं आपलं म्हणणं लिहून बटण दाबलं की पानावर एक ओळ उमटायची. ती ओळ मी चांगली घडवून दिली होती, ‘आपल्या संदेशाबद्दल आभारी आहोत’ अशी. त्यानं ती काढून टाकली आणि स्वतःची घातली, ‘निरोप पोचला. नेटवर्क आलं की फोन करतो. वाट बघा.’ मी म्हटलं, अरे, पुण्याची माणसं खोली घ्यायला आलीत, तुझ्या नेटवर्कचं रडगाणं त्यांना कशाला? त्याचं म्हणणं, खरं हाय ते लिवलं. अखेर सगळ्या वेबसाइटींवर तीच ओळ गेली.

सगळी माणसं त्याला म्हणायची, आम्हाला त्यातलं काही कळत नाही, तूच बघ. त्यामुळं सगळ्या वेबसाइटी त्याच्याच एका खात्यावर, त्याच्याच नावावर. त्या खात्याचा नंबर, पासवर्ड, कुणाच्या वेबसाइटचं भाडं भरायची मुदत कधी संपते, सगळं एका निळ्या पुठ्ठ्याच्या लांबड्या वहीत लिहिलेलं. कॉम्प्युटरवाला असून वहीत लिहितोस, असं विचारलं तर म्हणायचा, नेटवर्क गेलं तरी वही उघडते. वाडीत असला की ती वही कायम त्याच्या काखेत असायची. जेवायला बसला तरी मांडीखाली.

आमच्याकडं रीत आहे. माणसाच्या हातातलं हत्यार त्याच्याबरोबर द्यायचं. परशरामच्या वडलांच्या छातीवर पटाशी ठेवली होती, मी होतो तेव्हा. परशरामला उचलायच्या वेळी कुणीतरी म्हणालं, ह्येच्यासंगं काय द्यायचं? मी घरात गेलो. लॅपटॉपशेजारी ती वही होती. मी ती आणली आणि माझ्या हातानं त्याच्या छातीवर ठेवली. वहीत काय असतं ते मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. त्या दिवशी ते आठवलंच नाही... मला एवढंच दिसलं की ही त्याच्या जिवाची वस्तू आहे. बायाबापड्यांनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आपण फार मोठं काम केलं.

पंधरा दिवसांनी सावित्रीबाईंचा फोन आला. मध विकणाऱ्या गटाच्या त्या पुढारी. “मास्तर, आमचं दुकान दिसंना झालंय. परशा गेला म्हणून दुकानबी गेलं काय?” मी कट्ट्यावर जाऊन बघितलं. पान कोरं. मुदत संपली होती. तिथंच मला वही आठवली.

वडलांच्या पटाशीचं पातं तिसऱ्या दिवशी राखेतून परत मिळालं होतं. कागदाचं काय मिळणार?

तेव्हापासून मी वेड्यासारखा धावतोय. पासवर्ड बदलायचा तर आकडा त्याच्या फोनवर येतो, आणि मेलेल्या माणसाच्या नावाचं सिम मला कुणी देत नाही. जिथं खातं आहे ती कंपनी खात्याचा नंबर मागते, आणि नंबर वहीत. शाळा सुटली की मी कट्ट्यावर जाऊन ज्या वेबसाइटी अजून जिवंत आहेत त्यांचा मजकूर माझ्या एका वहीत उतरवून घेतो, माझाच मजकूर, पाच वर्षांपूर्वी लिहिलेला. दर आठवड्याला एखादी तरी विझते. काल भजनी मंडळाची गेली. आपला मित्र असा एकेक पान करत पुन्हा मरताना बघायचा, दुसरं काही हातात नाही.

आणि लक्ष्मीवहिनी, त्याची बायको. परशरामनं त्यांना पेटी वापरायला शिकवली होती. त्याला उचललं तेव्हा त्या आत शुद्धीवर नव्हत्या, वही त्यांनी बघितलीच नव्हती. माहेरची माणसं न्यायला आली तेव्हा त्या म्हणाल्या, मी हितंच ऱ्हाणार, त्येंचं काम पुढं चालवणार. मग मला विचारलं, “मास्तर, ती निळी वही कुठं दिसली काय तुमास्नी?” मी म्हटलं, बघतो. बघतो म्हणालो मी! तीनदा विचारलं, तीनदा हेच उत्तर.

गेल्या रविवारी जाऊन सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. वहिनी रागावल्या असत्या, मला हाकलून दिलं असतं तर फार बरं झालं असतं. त्यांनी पदरानं लॅपटॉप पुसला आणि उघडला. पेटी अजून त्यात जशीच्या तशी आहे, आणि तिचं एक नमुन्याचं पान नेटशिवायही उघडतं. त्यावर निरोपाचा चौकोन होता. त्यात वहिनींनी एका बोटानं सावकाश लिहिलं, ‘वही तुमच्यासंगं आली. आता मी काय करू?’ आणि बटण दाबलं.

निरोप पोचला. नेटवर्क आलं की फोन करतो. वाट बघा.

वहिनींनी आपला फोन उचलून लॅपटॉपशेजारी ठेवला. मग मीही बसलो.