वाटी सोडता येईना

सख्यांनो, आज भरतीबरोबर आमचं गलबत ठाण्याच्या बंदराला लागलं आणि कितीतरी दिवसांनी मी जमिनीवर उतरले.

माल आता आगगाडीने जातो. म्हणून आमचे हे म्हणतात, गलबत विकू आणि इथेच राहू. थोरल्या नणंदेच्या शेजारी एक घर रिकामं आहे, ते बघायला त्यांनी मला धाडलं.

मिठागराच्या बांधावरून चालत गेले. मिठाच्या ढिगांवर ऊन निजलेलं. पायाखाली जमीन हळूहळू झुलत होती, की मीच झुलत होते, कोण जाणे.

घर बघून झाल्यावर नणंदेने पेज वाढली. मी डाव्या हाताने वाटी घट्ट धरून बसले.

"अगं, सोड ती. कोण पळवतंय?" त्या हसल्या.

गलबतावर वाटी धरली नाही तर घरंगळते, हे त्यांना कुठून ठाऊक? मी हात काढला. वाटी जागची हलली नाही. दारातलं झाडही तिथेच, पलीकडचा डोंगरही तिथेच. मला एकदम पोरकं वाटलं.

गलबतावर परतले तेव्हा ह्यांनी विचारलं, "घर कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हणाले, आणि घरंगळत आलेला तांब्या धरला.

सख्यांनो, एक सांगा. सगळं ठेवल्या जागीच राहतं, अशा घरात तुम्हाला झोप कशी लागते?