शिट्टीबाईंच्या खुणा

टेलिफोन खात्यात नोकरीला असताना शिट्टीबाई खात्याच्या महिला बास्केटबॉल संघात होत्या, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर. बाकावरून खेळ छान दिसतो, असं त्या सांगायच्या. दुसरं काही करायला नसतंच. पुढे गावातल्या क्लबच्या प्रशिक्षकांची बदली झाली तेव्हा सेक्रेटरी त्यांना म्हणाले, "तात्पुरतं बघा जरा." त्या तात्पुरतं बघायला लागल्या, त्याला वीसेक वर्षं झाली. दरम्यान नोकरीतून निवृत्त झाल्या, क्लबातून नाही.

हॉलला पत्र्याचं छप्पर. आवाज असा घुमतो की ओरडलेलं कोणालाच कळत नाही. म्हणून बाईंनी खुणा बसवल्या. कान ओढला की चेंडू डावीकडे, कोपर चोळलं की खेळ संथ, अंबाड्याला हात गेला की सगळ्यांनी थेट रिंगखाली घुसायचं. सवय इतकी जडली की घरी पाहुणे रेंगाळले तरी हात अंबाड्याकडे जायचा. नवरा हळूच म्हणायचा, "घुसू नकोस, जातील ते."

या खुणा सगळ्यांत पक्क्या पाठ होत्या खारूताईला. ती बाईंची सर्वांत चपळ खेळाडू. नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि तिथल्या संघाची प्रशिक्षक झाली. यंदाचा शेवटचा सामना नेमका तिच्याशी पडला. हरणारा संघ खालच्या गटात जाणार होता, आणि सेक्रेटरींनी सांगून ठेवलं होतं, तसं झालं तर हॉलची संध्याकाळची वेळ पुरुषांना. मुलींनी दुपारी यायचं. दुपारी निम्म्या मुली कामावर असतात. म्हणजे संघ मोडल्यातच जमा.

बाईंनी कान ओढला की खारूताईच्या पोरी आधीच डावीकडे उभ्या. अंबाड्याला हात लावला की पाचही जणी रिंगखाली भिंतीसारख्या हजर. मध्यंतराला चांगलीच पिछाडी होती.

"खुणा उलट्या करू," एक जण म्हणाली.

"दोन मिनिटांत ओळखेल. मीच शिकवलंय तिला."

"मग खुणाच करू नका."

"नाही करत."

कर्णधार पेशाने नर्स, स्पष्ट बोलणारी. "मॅडम, तुम्ही आत्ताही कान ओढताय."

बाईंनी हात खाली घेतला.

"तुम्ही बाहेरच बसा. राग मानू नका."

राग आलाच. पण संध्याकाळची वेळ जायला नको होती. संघ कर्णधाराच्या हवाली करून, पंचांना तसं सांगून त्या बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन बसल्या. तिथे हॉलची सफाईवाली फडकं पिळत होती.

"हाकललं का?"

"पोरींनीच."

"मला सुनेने स्वयंपाकघरातून काढलंय. करते बरं ती. पण तिला सांगायचं नाही."

बंद दारामागून बुटांची करकर ऐकू येत होती. तेवढ्यावरून चेंडू कुठे आहे ते बाईंना कळत होतं, आणि तो भलतीकडेच चालला होता. त्यांचा हात कानाकडे गेला.

"डास चावला का?" सफाईवालीने विचारलं.

सामना एका गुणाने जिंकला. पोरी दार ढकलून बाहेर आल्या.

"शेवटची बास्केट कुणाची?"

"गोलूची."

गोलू संघातली सगळ्यात संथ मुलगी. "तिला चेंडू दिलात? मी दिला नसता."

"खारूताईला ते माहीत होतं," कर्णधार म्हणाली. "म्हणून गोलूजवळ कोणी उभंच नव्हतं."

मागून खारूताई आली. "मॅडम, हे बरं नव्हे. दुसऱ्या हाफमध्ये मी नुसती तुमची रिकामी खुर्ची बघत होते. पोरी विचारतायत आता काय करू, आणि मला काही सुचेना."

"आता खालच्या गटात जाऊन स्वतःचं काहीतरी बसव," बाई म्हणाल्या. "मलाही बसवायचंय."

सोमवारी संध्याकाळी बाईंनी गोलूला बाजूला घेतलं आणि नेम कसा धरायचा ते पहिल्यापासून शिकवायला लागल्या. आजवर का शिकवलं नाही, हे गोलूने विचारलं नाही, आणि बाईंनीही सांगितलं नाही.