बारा वावरं, एक गडू

खरा साम्यवाद जगात कधी कुठे नांदला का, आणि माणसांच्या हातून तो नांदेल का? या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, हे आधीच कबूल करते. अमरावतीला कॉलेजच्या अभ्यासमंडळात यावर वर्षभर वाद चालला. एक बाजू रशियाकडे बोट दाखवी, दुसरी म्हणे तो खरा नव्हेच. मला दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ होती. बी. ए. होऊन बीबीला, माझ्या गावी, घरी आले तेव्हा लक्षात आलं, की वाक्यांखेरीज मी काही पाहिलेलंच नाही.

अशात मैत्रीण उषाचं पत्र आलं. धामणगाव बढ्याच्या पलीकडे तिच्या मामांच्या गावात बारा घरांनी शेतांमधले धुरे, म्हणजे बांध, मोडून जमीन एक केली होती. नवं राज्य झाल्यापासून अशा सामुदायिक शेतीच्या संस्था पुष्कळ निघाल्या आणि पुष्कळ कागदावरच राहिल्या. ही तिसऱ्या वर्षीही चालू होती. "पण लवकर जा," उषाने लिहिलं होतं. "मामा बाहेर पडायचं म्हणतात, आणि विहीर नेमकी त्यांच्या वावरात आहे."

"एकटीच जाऊन राह्यली?" आई म्हणाली.

"मंग शिकवली कायले?" बाबा म्हणाले. प्रश्न मिटला.

निघाले तेव्हा वहिनी गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होत्या. त्यांना सहावा महिना होता. पाटी उतरवून त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि मला हसून निरोप दिला. माझ्या पिशवीत दोन पुस्तकं होती.

जाणाऱ्यांसाठी सांगते. बीबीहून पहाटेची एसटी मेहकरला नेते, तिथून चिखलीमार्गे बुलडाणा. बुलडाण्याच्या स्टँडवर पुढची गाडी मिळायला दीड तास लागला. तेवढ्यात पोटभर खाऊन घ्यावं, पण बेतानं, कारण पुढे राजूरचा घाट आहे. श्रावणातला घाट हिरवागार होता आणि माझ्या शेजारची बाई प्रत्येक वळणावर "माय व" म्हणत माझा दंड धरत होती. मोताळ्याहून धामणगाव बढे, आणि तिथून बैलगाडी मिळाली तर नशीब, नाहीतर दीड तासाची पायवाट. जाऊन-येऊन पंधरा रुपयांत भागलं. गावाचं नाव लिहीत नाही. पाहुणे वाढले की निंदन, म्हणजे शेतातलं तण काढणं, खोळंबतं, अशी तिथल्या बायांची तक्रार आहे. धामणगावात विचारलंत तर कोणीही वाट दाखवील.

उषाच्या मामांचं नाव किसनभाऊ. उंच, कमी बोलणारे. मामींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा वाढला आणि मी पाणी पीत राहिले तशा त्या हसत राहिल्या. उन्हं उतरल्यावर मामांनी मला शेत दाखवलं. एकसंध कपाशी, मधून तुरीच्या ओळी, टोकाला मिरचीचे वाफे आणि विहिरीवर संस्थेचं इंजिन. चालता चालता एका जागी मामांनी पाय उंच उचलून पुढे टाकला. तिथं काहीच नव्हतं.

"काय होतं मामा?"

ते थोडे ओशाळले. "धुरा होता. तीन साल झाले मोडून. पाय आयकत नाई."

मग तेच म्हणाले, "पाह्य ना बाई. माही जमीन नाल्याकाठची, काळी. तिकडं पाह्य, बरड. पिकते माह्यात, वाटते समद्यायले. तुया पुस्तकात काय लिवलं हाय यावर?"

माझ्या पुस्तकात पुष्कळ लिहिलं होतं. पुस्तकं मी पिशवीतच राहू दिली.

सांजवेळी मारुतीच्या पारावर सभासद जमले. सगळे पुरुष, कारण जमीन त्यांच्या नावावर. बाया भिंतीशी उभ्या. मामा उठले आणि म्हणाले, की गुढीपाडव्याला आपली जमीन मोकळी करून द्यावी आणि उद्यापासून आपल्या घरचं कोणी कामाला येणार नाही.

"अन् विहीर?"

"विहीर माह्याच वावरात हाय."

"मंग घिऊन जाय उचलून खांद्यावर," एक जण म्हणाला. लोक हसले, पण हसणं लगेच विरलं. पाऊस बरेच दिवस उघडला होता. विहीर गेली की मिरची जाणार, आणि मिरची गेली की संस्था, हे मलाही कळत होतं. ठराव झाला नाही. लोक एकेक करून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी चुलीपुढून उठल्या, विळा-खुरपं घेतलं. मामा दारात बसले होते.

"कुठं जाऊन राह्यली?"

"निंदाले."

"काल काय सांगतलं मी? वावर माह्या नावावर हाय."

"असन," मामी म्हणाल्या, "पन निंदन तं माह्या हातावर हाय." आणि त्यांच्या शेजारून निघून गेल्या. त्यांच्या मागून मीही गेले. मामांच्या तोंडाकडे पाहायचा धीर मला झाला नाही.

शेताच्या कडेला चंद्रभागामावशी पितळेचा गडू घेऊन बसल्या होत्या. या गडूची गोष्ट त्यांनीच सांगितली. पहिल्या साली धुरे मोडले, पण प्रत्येक बाई आपलं जुनं वावर लख्ख निंदायची आणि दुसऱ्याच्या वावरात नुसतं खुरपं फिरवायची. तणावरून जुने बाराही तुकडे ओळखू येत. पुरुषांनी दोन ठराव केले, उपयोग झाला नाही. मग मावशींनी गडू काढला. रोज सकाळी प्रत्येकीने आपली खूण आत टाकायची: चिंचोका, बांगडीचा तुकडा, सरकी. मावशी एकेक काढतात आणि त्या क्रमाने ओळी वाटतात. आज कोणाच्या हाती कोणाची जुनी जमीन येईल ते कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येकीला हातातली ओळ नीट निंदावी लागते.

मामींनी आपली खूण टाकली. मामांच्या सदऱ्याचं पांढरं बटण.

मी मावशींच्या अगदी जवळ बसले होते, म्हणून दिसलं. नाल्याकडच्या आखूड ओळीची वेळ आली तेव्हा त्यांनी गडू थोडा कलता केला, आत पाहिलं आणि बांगडीचा एक हिरवा तुकडा बाहेर काढला. तो यमुना नावाच्या पोरसवदा बाईचा. तिचं पोट चांगलं दिसत होतं.

"मावशी, तुम्ही पाहून काढलं," मी हळूच म्हटलं.

"हाव. सातवा हाय तिले."

"मग गडूला अर्थ काय राहिला?"

"काऊन? बाकीच्यायचं न पाहताच काढतो ना."

"बाकीच्यांना कळलं तर?"

"कळलं तर म्हनजे? समद्यायले माहीत हाय." मावशींनी मला खुरपं दिलं. "तुमी शिकेल बाया लई इचारता व. घ्या, ते ओळ तुमची."

कुवतीप्रमाणे द्यावं, गरजेप्रमाणे घ्यावं, हे वाक्य मी अमरावतीत टाळ्या घेत म्हटलं होतं. इथं ते घडायला एक बाई उघड उघड लबाडी करत होती आणि अकरा जणी दुसरीकडे पाहत होत्या. मी निम्मी ओळ निंदली. हाताला फोड आले, आणि मामींनी माझी ओळ पुरी केली.

दुपारी भाकरी खायला बसलो होतो, तेवढ्यात विहिरीवरचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. मामा पाणी सोडत होते, मिरचीच्या सगळ्या वाफ्यांना. ते आमच्याकडे आले, पण बसले नाहीत.

"मिरची वाळून राह्यली होती," ते म्हणाले. "म्हनून."

"पाडव्याचं काय मंग?" मावशींनी विचारलं.

"पाडव्याले लई टाइम हाय."

"बटन तुटलं वाटते तुमच्या सदऱ्याचं," मावशी म्हणाल्या. मामी पदर तोंडाला लावून हसल्या. मामांनी सदऱ्याकडे पाहिलं, आणि वाफ्याकडे परत जाताना पुन्हा त्याच जागी पाय उंच उचलला.

तिसऱ्या दिवशी मी परत निघाले. संस्था पाडव्यापर्यंत टिकेल का, त्यापुढे टिकेल का, मला माहीत नाही. मावशींनाही विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी गडू निघन, येवढं सांगतो." घाट चढताना वाटलं, की जगात कुठे झालं का, हे विचारताना आपण फार मोठा देश शोधत होतो. बारा घरांत ते रोज सकाळी थोडा वेळ होतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं लागतं. मला एवढी आशा पुरते.

घरी पोचले तर वहिनी गोठ्यातच होत्या. मी घरातली पहिली बी. ए., म्हणून गेली चार वर्षं सुट्टीतही मला कोणी पाटीला हात लावू दिला नव्हता. मला ती माया वाटायची. वहिनींच्या पाठीला ती काय वाटत असेल, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवघराजवळचा तांब्या घासून पुसून ओसरीवर ठेवला आणि कामं सांगितली: गोठा, पाणी, दळण, चूल, झाडलोट. दादा म्हणाला, "कॉलेजात हेच शिकली का व?" आणि काडेपेटीतली एक काडी आत टाकली. बाबांनी सुपारी टाकली. आईने हळकुंड, वहिनींनी मंगळसूत्रातून निसटलेला काळा मणी. मी माझ्या फाउंटन पेनचं टोपण टाकलं.

वहिनींना झाडलोट आली आणि मला गोठा. मी पाहूनच काढलं होतं. वहिनींना ते दिसलं, आणि त्यांनी दुसरीकडे पाहिलं.